तालुक्यात मानसिक आरोग्याची ओपीडी किती दिवस हवी? हिशोब कसा मांडायचा

ज्यांना आपल्या तालुक्यात मानसिक आरोग्याची सेवा वाढवून घ्यायचीय त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणजे डीएमएचपीच्या (जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या) टीममधले लोक, ग्रामीण रुग्णालयातले एमओ म्हणजे वैद्यकीय अधिकारी, संस्थांमधून काम करणारी पोरं-पोरी. मी सांगली जिल्ह्यात या कामातली आकडेमोड बघते. असल्या आकड्यांवरनं पुढचा अंदाज बांधायचा त्याला मॉडेलिंग म्हणतात, तो शब्द ऐकला की लोकांना वाटतं मोठं सॉफ्टवेअर लागणार, पुण्या-मुंबईचा कुणीतरी तज्ज्ञ आणावा लागणार, पण तालुक्यापुरतं जे लागतं ते एक्सेलच्या एका शीटमध्ये बसतं आणि गणित आठवी-नववीचं आहे. वेळ जातो तो रजिस्टर नीट वाचण्यात.

सुरुवात प्रश्नापासून करा, डेटा नंतर. "जत तालुक्यात मानसिक आरोग्याची परिस्थिती काय" असला प्रश्न घेतला तर पन्नास चार्ट निघतील आणि निर्णय एकही निघणार नाही. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर घेऊन उद्या कुणालातरी सही मागता येईल. मानसोपचार डॉक्टर आपल्याकडं आठवड्यातून एकदा येतात, ते दोनदा यायला पाहिजेत का? दुसरी ओपीडी काढायची तर कुठल्या गावात, कुठल्या वारी? गोळ्या पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवल्या तर महिन्याला किती लागतील? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला तो याच विचारानं की माणसाला येरवडा, ठाणे, नागपूर नाहीतर रत्नागिरीच्या मनोरुग्णालयापर्यंत जायला लागू नये, घराजवळ उपचार मिळावेत. म्हणून प्रश्न पण घराजवळचाच ठेवा.

मग ओपीडीचं रजिस्टर घ्या, शक्यतो मागच्या दोन वर्षांचं, आणि एका व्हिजिटला एक ओळ याप्रमाणे शीटमध्ये भरा. केस पेपर नंबर, तारीख, वय, स्त्री-पुरुष, गाव, तालुका, नवीन की जुना, निदानाचा कोड, किती दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुढची तारीख, आणि एक कॉलम जो बहुतेक ठिकाणी नसतोच तो आवर्जून घाला, "कोण आलं". डीएमएचपीच्या मंजूर पदांमध्ये केस रजिस्ट्री असिस्टंट हे पद आहे, तुमच्याकडं ते भरलेलं असेल तर हे काम त्या माणसाबरोबर बसून करा, त्याला रजिस्टरातलं अक्षर कळतं आणि कुठला पेशंट कुठल्या वाडीवरचा तेही माहीत असतं.

"कोण आलं" हा कॉलम कशाला ते सांगते. एफ २० ची केस धरा, म्हणजे स्किझोफ्रेनिया. पेशंटचा धाकटा भाऊ दर महिन्याला गोळ्यांची रिकामी स्ट्रिप घेऊन येतो, स्ट्रिप टेबलावर ठेवतो, "आहे तसंच आहे मॅडम" म्हणतो, गोळ्या घेतो आणि जातो. रजिस्टरात फॉलोअपची टिक होते. वर्षाच्या बाराच्या बारा टिका, कागदावर यासारखा चांगला पेशंट नाही. प्रत्यक्षात पेशंट घराबाहेर पडून किती दिवस झाले, गोळी त्याच्या पोटात जातीय की नाही, कुणी बघितलेलं नाही. हा कॉलम भरला की कळतं की फॉलोअपमधल्या कितीजणांना डॉक्टरांनी खरंच बघितलंय आणि कितीजणांकडं घरी जायला पाहिजे. यातली पहिली होम व्हिजिटची यादी इथंच तयार होते, मॉडेलची वाट बघायची गरज नाही.

साफसफाईला वेळ द्या. एकच बाई एकदा सुनीता, एकदा सुनिता, एकदा माहेरच्या आडनावानं लिहिलेली असते. गाव कधी कवठे महांकाळ, कधी क.महांकाळ, कधी नुसतं महांकाळ. केस पेपर हरवला की नवीन नंबर निघतो आणि जुना पेशंट "नवीन" होऊन बसतो, त्यामुळं नवीन पेशंट फुगतात आणि सोडून गेलेलेही फुगतात, दोन्हीकडनं हिशोब चुकतो. वय, गाव आणि निदान तिन्ही जुळत असेल तर ते दोन नंबर एकाचेच आहेत का ते विचारून घ्या. निदानाचे बारीक कोड नसले तरी चालतंय, एफ २०, एफ ३१ बायपोलर, एफ ३२ डिप्रेशन, एफ १० दारू, फिट येणारे वेगळे, एवढे गठ्ठे पुरतात.

अजून एक गोष्ट सांगलीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवायची. पेशंट मोजायचा तो राहत्या गावावरनं, दवाखान्यावरनं नाही. मिरजेला दवाखान्यांची जुनी परंपरा, तिथं कर्नाटकातनं, कोल्हापुरातनं, सोलापुरातनं माणसं येतात, म्हणून मिरजेचा आकडा बघून मिरज तालुक्यात आजार जास्त आहे असं म्हणणं चूक. उलट जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडं, विजयपूर जवळ पडतं, ती माणसं आपल्या रजिस्टरात दिसतच नाहीत, आणि तिकडं घराघरात कन्नड बोलतात, तेव्हा मराठीत छापलेला पीएचक्यू-९ चा (डिप्रेशन तपासायच्या नऊ प्रश्नांचा) कागद तिथं नेऊन उपयोग नाही. खानापूर-आटपाडीची तऱ्हा अजून वेगळी. गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी घरातली कर्ती माणसं देशभर पांगलेली, जनगणनेत कोण मोजलं गेलं आणि गावात खरं कोण राहतंय यात फरक पडतो, आणि बाहेर असणारा माणूस जत्रेला नाहीतर दिवाळीला आला की तेव्हाच दाखवून जातो. हे माहीत नसलेल्या माणसानं महिन्यांचा चार्ट काढला तर त्याला वाटेल दिवाळीनंतर आजार वाढतो.

आता मुख्य हिशोब. याच्यासाठीच सगळं लिहायला घेतलं.

रजिस्टरातनं एका तिमाहीत आलेले सगळे नवीन पेशंट वेगळे काढा, समजा जानेवारी ते मार्च. त्यातल्या प्रत्येकापुढं बघा, एक महिन्यानं आला का, दोन महिन्यानं, तीन, सहा, बारा. शंभरातले किती उरले याची रेघ, म्हणजे गळतीची रेघ, काढली की ती पहिल्या दोन महिन्यांत धाडकन खाली येते आणि मग हळूहळू उतरते. काही जण बरे होऊन थांबतात हे खरं, पण एफ २० किंवा एफ ३१ चा पेशंट दुसऱ्या महिन्यातच यायचा थांबला तर तो बरा होऊन थांबलेला नसतो. म्हणून ही रेघ निदानाप्रमाणं वेगळी काढा. त्या रेघेवरनं सरासरी निघते की एक नवीन पेशंट आपल्याकडं किती महिने टिकतो. दर महिन्याला किती टक्के उरले ते आकडे नुसते बेरीज करा आणि शंभरनं भागा, झाली सरासरी.

आता जॉन लिटल नावाच्या माणसानं १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम वापरायचा. उपचाराखाली असलेले पेशंट म्हणजे महिन्याला येणारे नवीन गुणिले ते सरासरी किती महिने टिकतात. एवढंच. खालचे आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

आठवड्यातून एक ओपीडी, सकाळी ९ ते १, म्हणजे २४० मिनिटं. आठवड्याला ६ नवीन, महिन्याला २४. सरासरी ५ महिने टिकतात. म्हणजे उपचाराखाली १२०, प्रत्येकजण महिन्यातनं एकदा येणार, तर एका ओपीडीला ३० जुने आणि ६ नवीन. नवीनला १५ मिनिटं आणि जुन्याला ५ मिनिटं दिली तर ९० आणि १५०, बेरीज २४०. बरोबर बसलं. वरनं बघणाऱ्याला वाटतं ओपीडी मस्त चाललीय, डॉक्टर एक वाजता उठतात, रांग संपलेली असते, वाढीव दिवसाची गरज काय.

आता समजा तुमच्या सोशल वर्करनं जीव तोडून काम केलं, घरी फोन केले, आशाताईंना सांगून माणसं परत आणली, आणि पेशंट सरासरी ५ ऐवजी १० महिने टिकायला लागले. जे व्हायला पाहिजे तेच झालं. पण उपचाराखाली आता २४०, एका ओपीडीला ६० जुने, ३०० मिनिटं, वर नवीनची ९०, एकूण ३९०. ओपीडी मात्र २४० मिनिटांचीच. म्हणजे जी ओपीडी छान चाललेली दिसत होती ती माणसं सोडून जात होती म्हणून चालत होती. अर्धे पेशंट गळाले म्हणून रांग एक वाजता संपत होती. माझं सगळं म्हणणं या एका हिशोबात आहे, आणि जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये "ओपीडीला गर्दी नाही म्हणून दिवस कमी करा" असं कुणी म्हणालं की हाच हिशोब पुढं ठेवायचा. तिथं गर्दी नाही याचा अर्थ आधी ती गळतीची रेघ बघून लावायचा.

आणि १५ मिनिटांत नवीन पेशंट बघायचा म्हणजे काय ते ज्यांनी बाहेर बाकावर बसून बघितलंय त्यांना सांगायला नको. माणूस पहिल्यांदा आलाय, बरोबर सासू आहे, तिच्यासमोर बाई काही बोलत नाही, सासूला बाहेर बसवण्यातच पाच मिनिटं जातात. नवीनला ३० मिनिटं धराच, यात तडजोड करू नका, पहिली भेट नीट झाली नाही तर दुसरी होत नाही.

मग उपाय काय, तर पर्याय मांडून बघायचे, मॉडेलचा खरा उपयोग इथं आहे. २४० पैकी निम्मे, १२०, स्थिर झालेले आहेत असं धरा. त्यांना महिन्याच्या गोळ्या जवळच्या पीएचसीत एमओंनी द्यायच्या आणि मानसोपचार डॉक्टरांनी तीन महिन्यांतनं एकदा बघायचं. म्हणजे अस्थिर १२० दर महिन्याला, आठवड्याला ३०. स्थिर १२० पैकी महिन्याला ४०, आठवड्याला १०. एकूण ४० जुने गुणिले ५ म्हणजे २००, आणि ६ नवीन गुणिले ३० म्हणजे १८०. आठवड्याला ३८० मिनिटं. एका ओपीडीत बसत नाही, दोन ओपीडीत म्हणजे ४८० मिनिटांत बसतं, ७९ टक्के भरून. आणि पीएचसीवर भार किती पडला? महिन्याला ८० भेटी, सहा पीएचसीत वाटल्या तर एकेकाला तेरा-चौदा. एमओ म्हणतात आमच्याकडं आधीच राष्ट्रीय कार्यक्रमांचे ढीग आहेत, त्यांचं खरं आहे, पण महिन्याला चौदा हा आकडा समोर ठेवला की बोलणं बदलतं. डीएमएचपीत एमओंचं ट्रेनिंग हा ठरलेला भाग आहे, ते मागून घ्या.

कुणीतरी नक्की विचारेल की ३८० साठी ४८० कशाला, १०० मिनिटं वाया चालली. हे समजावणं अवघड जातं म्हणून थोडं थांबून सांगते. डेन्मार्कच्या एर्लांगनं १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलवर रांगेचं गणित मांडलं, त्यातनं पुढं जे निघालं ते असं की काम जसजसं शंभर टक्क्यांजवळ जातं तसं वाट बघणं सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतं. एक डॉक्टर, एका पेशंटला सरासरी १० मिनिटं, येणारे कधीही येतात, अशा साध्या रांगेत ८० टक्के भरलेलं असेल तर सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ९० मिनिटं, ९५ टक्क्यांना १९० मिनिटं. आपल्याकडं तर सगळे सकाळच्या एसटीनं एकदमच उतरतात आणि परतीची गाडी ठरलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात याहून वाईट. ती गाडी धरायला जो नंबर यायच्या आधी उठून गेला तो रजिस्टरात येतच नाही. ते १०० मिनिटं त्या माणसासाठी राखून ठेवलेत.

इथपर्यंत आलेल्या पेशंटांचा हिशोब झाला. न आलेल्यांचा अंदाज वेगळ्या बाजूनं घ्यावा लागतो, लोकसंख्येवरनं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हता हे लक्षात असू द्या. १८ वर्षांवरच्या लोकांत त्या वेळी कुठलातरी मानसिक आजार असणारे १०.६ टक्के, तीव्र आजार ०.८ टक्के, डिप्रेशन २.७ टक्के, आणि उपचारापासून लांब असलेले आजाराप्रमाणं साधारण ७० ते ९२ टक्के. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाख २२ हजार, त्यात जत तालुका सव्वातीन लाखाच्या थोडा वर. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून गावपातळीवर आशाताईंचं कुटुंब सर्वेक्षण जास्त ताजं असतं, ते मिळवा. जतची दोन-तृतीयांश माणसं प्रौढ धरली तर २ लाख १८ हजार, त्यातले तीव्र आजाराचे ०.८ टक्क्यांनी साधारण १,७५० आणि डिप्रेशनचे ५,९००. हे आकडे डोक्यात दगडावरच्या रेघेसारखे धरून बसू नका. कमी, मधला, जास्त असे तीन कॉलम करा आणि निर्णय तिन्हींमध्ये टिकतोय का बघा.

टिकतोच. तीव्र आजाराच्या १,७५० पैकी निम्मेच आले आणि महिन्याला एकदाच आले तरी वर्षाला १०,५०० भेटी होतात. एखाद्या ठिकाणी मानसोपचार डॉक्टर महिन्यातनं एक दिवस येऊन ६० पेशंट बघत असतील तर वर्षाला ७२० भेटी. सर्वेक्षणाचा आकडा निम्म्यानं चुकीचा निघाला तरी ७२० पुरत नाहीत. म्हणून "आधी नेमका सर्व्हे करूया मग सेवा वाढवूया" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही, सर्व्हेनं उत्तर बदलणार नसेल तर त्या सर्व्हेला पैसे कशाला.

डिप्रेशनच्या ५,९०० ना मानसोपचार डॉक्टर लागतोच असं नाही, त्यातल्या बऱ्याच जणांना पीएचसीतले एमओ, समुपदेशक, आणि टेली-मानस ही सरकारी फोन हेल्पलाइन, १४४१६, एवढ्यानं पुष्कळ मदत होते. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि मराठीत बोलता येतं, तरी कितीतरी गावांत हा नंबर पोचलेला नाही. मॉडेलमध्ये डॉक्टर, एमओ, फोन असे तीन वेगळे कप्पे करा आणि कुठला पेशंट कुठल्या कप्प्यातनं कुठं जातो ते बाण काढून ठेवा.

अंतराचं आता. एडवर्ड जार्व्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८५० मध्ये मनोरुग्णालयांचे आकडे तपासून दाखवलं होतं की जवळच्या गावातनं पेशंट जास्त येतात आणि लांबच्या गावातनं कमी. पावणेदोनशे वर्षांनी आपल्या रजिस्टरात पण हेच निघतं, करून बघा. प्रत्येक गावातनं दर दहा हजार लोकांमागं वर्षात किती नवीन पेशंट आले ते काढा आणि दवाखान्यापासूनच्या अंतरापुढं ठेवा. फक्त अंतर किलोमीटरमध्ये धरू नका, वेळेत धरा, एसटीच्या. शिराळ्याच्या पश्चिमेला वारणावती-चांदोलीकडं वीस किलोमीटरचा अर्थ वेगळा आणि सांगली-मिरज रस्त्यावर वेगळा. गाडी किती वाजता निघते, उतरून किती चालावं लागतं, परत कधी आहे, आणि बरोबर येणाऱ्याची रोजंदारी किती बुडते, कारण मानसिक आजाराच्या पेशंटबरोबर कुणीतरी लागतंच, म्हणजे दोन माणसांचं तिकीट आणि दोन दिवसांची मजुरी. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गावं टाकून नकाशा रंगवता येतो, पण नाही जमलं तर भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा आणि टाचण्या पुरतात. जिथं वस्ती आहे आणि टाचण्या नाहीत ती तुमच्या नवीन ओपीडीची जागा. आणि वार ठरवताना त्या गावचा बाजाराचा दिवस धरा, त्या दिवशी चारही बाजूंनी वाहनं चालू असतात आणि बाजाराला आलोय म्हटल्यावर कुणी विचारत नाही कुठं चाललाय.

हंगामाचं थोडक्यात. तासगावकडं फळछाटणीच्या दिवसांत आणि जानेवारीनंतर द्राक्षं काढायला लागली की ओपीडी ओस पडते. ऊसपट्ट्यात तोडणी कामगार नोव्हेंबर ते मार्च फडात असतात, त्यांच्या अड्ड्यांवर आपण जायला पाहिजे, ते येणार नाहीत. म्हणून मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आणि लहान आकड्यांवरनं घाबरू नका, नाचू पण नका. एका तिमाहीत ९ केस होत्या आणि पुढच्या तिमाहीत १३ झाल्या, लगेच "४४ टक्के वाढ" असं लिहून टाकतात. ९ चं वर्गमूळ ३, त्याची दुप्पट ६, म्हणजे काहीही न बदलता तो आकडा ३ ते १५ मध्ये कुठंही जाऊ शकतो. एवढी एक ओळ प्रत्येक तालुका अहवालात लिहिली तर निम्मी ओरड थांबेल.

आत्महत्येचे आकडे काढताना फार जपून. राष्ट्रीय अहवाल राज्याचे आकडे देतो, तालुक्याचे नाहीत, ते पोलीस ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदींत असतात, पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १७४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम १९४ खाली. प्रयत्नांचे आकडे अजून अवघड. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं असं धरलंय की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता आणि त्याला शिक्षा करायची नाही, तरी घरच्यांना पोलिसांची भीती असते म्हणून कॅज्युअल्टीत "चुकून झालं" असंच सांगितलं जातं. विषबाधेच्या सगळ्या भरती मोजा, कारण काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. आणि हे आकडे चार्टसाठी नका काढू. त्यातनं एकच प्रश्न विचारायचा, डिस्चार्ज मिळालेल्यातल्या कितीजणांना पहिल्या आठवड्यात आपल्याकडनं फोन गेला? घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, आणि फोन करायला नवीन पद मंजूर करून घ्यावं लागत नाही.

गोळ्यांच्या साठ्यावरनं पडताळणी करता येते, ही मला फार उपयोगी वाटते. समजा महिन्यात एका गोळीच्या ३,६०० गेल्या आणि पेशंट दिवसाला एक घेतात, तर १२० माणसं झाली. रजिस्टर २०० दाखवत असेल तर कुठंतरी अर्ध्या महिन्याच्याच गोळ्या देऊन पाठवतायत, किंवा चिठ्ठी लिहून बाहेरनं आणायला सांगतायत. ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत साठा कधी शून्यावर आला त्या तारखा काढा आणि गळतीच्या रेघेशेजारी ठेवा. जिथं साठा संपला त्याच्या पुढच्या महिन्यात माणसं तुटलेली दिसली तर डॉक्टरांचे दिवस वाढवण्याआधी इंडेंट म्हणजे औषधांची मागणी सुधारा, ते स्वस्त आहे आणि लवकर होतं.

पुराचं स्वतंत्र पान करा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कृष्णाकाठची गावं पाण्यात होती. पुरात माणूस जीव वाचवून निघतो, गोळ्यांची पिशवी घरातच राहते, आणि लिथियमवर (बायपोलरचं औषध) किंवा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर असलेल्याचं औषध अचानक तुटलं की आजार उसळू शकतो. तुमच्या शीटमध्ये गावाचा कॉलम आहे, भिलवडी, ब्रह्मनाळ, अंकलखोप अशी नदीकाठची गावं फिल्टर करा, उपचाराखाली असलेल्यांची यादी निघेल, पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांना दाखवून त्यातल्या ज्यांना देणं सुरक्षित आहे त्यांना जूनमध्येच जादा महिन्याच्या गोळ्या द्या, आणि निवारा केंद्रात कुठली औषधं किती न्यायची तेही याच यादीवरनं काढा. ज्यांच्या घरात जादा गोळ्या ठेवणं धोक्याचं आहे त्यांच्या पुढं खूण करून ठेवा, त्यांची सोय आशाताईंकडनं.

हे सगळं करताना नावं बाहेर जाऊ देऊ नका. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं पेशंटच्या माहितीची गुप्तता हा हक्क केलाय. विश्लेषणाच्या शीटमध्ये नाव नको, नंबर ठेवा, नाव-नंबर जुळवणी दवाखान्याच्या कपाटात. व्हॉट्सॲपवर शीट फिरवायची नाही. लहान गावात "स्त्री, २३, एफ २०" एवढ्यावरनं पण माणूस ओळखू येतो आणि त्या पोरीचं लग्न मोडतं, म्हणून गावाप्रमाणं आकडा पाचपेक्षा कमी असेल तर तो अहवालात छापू नका, तीन-चार गावं एकत्र करा.

मॉडेल बरोबर आहे का हे बघायची सोपी पद्धत, मागच्या सहा महिन्यांचा डेटा झाकून ठेवा, त्याच्या आधीच्या आकड्यांवरनं त्या सहा महिन्यांतले फॉलोअप किती येतील ते काढा, मग झाकलेलं उघडून बघा. पाच-दहा टक्क्यांचा फरक असेल तर पुढं जा. फार फरक असेल तर बहुतेक वेळा टिकण्याचे महिने चुकलेले असतात, परत गळतीच्या रेघेकडं जायचं. नवीन ओपीडी सुरू झाल्यावर दर तिमाहीला नवीन आकडे घाला, कारण जवळ दवाखाना झाला की जे कधीच आले नव्हते ते यायला लागतात आणि महिन्याला २४ नवीनचा आकडा जुना होतो. मंजुरी मागतानाच हे लिहून ठेवा की पहिल्या वर्षात नवीन पेशंट वाढतील, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच विचारतील की सेवा दिली तर आजार वाढला कसा.

मीटिंगला एकच पान न्या. वर प्रश्न, मग गळतीची रेघ, मग आजची मिनिटं आणि लागणारी मिनिटं, तीन पर्याय आणि प्रत्येकाला लागणारे डॉक्टरांचे दिवस, एमओंच्या भेटी, गोळ्या. सगळ्यात खाली काय काय धरून चाललोय ते मोठ्या अक्षरात, म्हणजे ज्याला पटत नाही त्यानं तो आकडा बदलून तिथल्या तिथं शीटमध्ये घालून बघावा. लॅपटॉप उघडाच ठेवा.